सहा मुलांमागे एक शिक्षक, तरी चौथीचा वर्ग गुरुजींविना

जिल्हा परिषदेच्या शाळांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘मुलं चार आणि मास्तर दोन, सरकारने पोसायचं तरी किती?’ हे बोलणारा माणूस बहुधा खोटं बोलत नसतो. आपल्या गावच्या शाळेत त्याने तेच पाहिलेलं असतं. पण त्यावरून तो जे अनुमान काढतो ते चुकतं. हीच चूक पुढे शासनाच्या निर्णयांतही उतरते, म्हणून हे समज एकदा नीट तपासायला हवेत.

‘शिक्षक गरजेपेक्षा जास्त आहेत’

कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभ्या करण्याचा विचार राज्याने २०२३ मध्ये मांडला, तेव्हा काही आकडे पुढे आले. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४,७८३. त्यांतली मुलं १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. भागाकार केला की एका शिक्षकामागे सहा मुलं येतात. शहरातल्या पालकाला हे ऐकून हेवाच वाटेल.

आता तोच हिशोब शाळेच्या उंबऱ्याच्या आत जाऊन करू. एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुलं आणि दोन शिक्षक. ही मुलं एका इयत्तेत नसतात. पहिलीत तीन, दुसरीत चार, तिसरीत दोन, चौथीत चार, अशी ती विखुरलेली असतात. पहिलीतली मुलगी अजून अक्षर गिरवते आहे, चौथीतल्या मुलाला भागाकार शिकायचा आहे. दोघांना एकाच फळ्यासमोर एकच पाठ देता येत नाही. दोन शिक्षकांत चार इयत्ता म्हणजे एक वर्ग शिकत असताना दुसरा स्वाध्याय करत बसणार. बहुवर्ग अध्यापनाची पद्धत आहे आणि ती मनापासून राबवणारे शिक्षकही आहेत. पण त्यासाठी वेगळं साहित्य लागतं, वेगळी तयारी लागते आणि मुख्य म्हणजे दोन्ही शिक्षक रोज शाळेत असावे लागतात.

नेमकं तेच होत नाही. एक बाई प्रशिक्षणाला जातात, कधी केंद्राच्या शिक्षण परिषदेला, कधी बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदार यादीच्या कामाला, आणि कधी माणूस आजारीही पडतो. द्विशिक्षकी शाळा त्या दिवशी एकशिक्षकी होते. मुळातच एकशिक्षकी असलेल्या शाळा यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातल्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशात एक लाखाहून जास्त आहेत, महाराष्ट्रात आठ हजारांहून जास्त. त्या शाळांत गुरुजी बाहेर गेले की शाळाच बाहेर जाते.

शिक्षण हक्क कायदा केलेल्या लोकांना हे ठाऊक होतं. २००९ च्या या कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदपर्यंत तीन अशी मांडणी आहे. म्हणजे पट कितीही उतरला तरी दोनच्या खाली जायचं नाही. सहावी ते आठवीला तर पस्तीस मुलांमागे एक शिक्षक एवढंच सांगून कायदा थांबत नाही. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा, असंही तो म्हणतो. गुणोत्तर कितीही देखणं असलं तरी गणित कुणी शिकवायचं, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. २०२४ मध्ये वीसपर्यंत पट असलेल्या शाळांत दोनपैकी एक जागा कंत्राटी पद्धतीने भरण्याचं धोरण आलं आणि प्राथमिक शिक्षक २५ सप्टेंबरला सामूहिक रजेवर गेले. त्या दिवशी अनेकांना तो पगाराचा लढा वाटला. मला तो सर्वांत लहान शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकाचा प्रश्न वाटतो.

‘अतिरिक्त शिक्षक’ या शब्दाचाही घोळ आहे. एका शाळेत पद कमी झालं की तिथला शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि त्याच वेळी दुसरीकडच्या शाळेत पद रिकामं असतं. दोन्ही एकाच राज्यात, एकाच वर्षी घडतं. मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त रिकामी राहू नयेत, असं कायद्याचं कलम २६ सांगतं. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०११ मध्ये मुलांच्या बोटाला शाई लावून राज्यभर पटपडताळणी झाली, बोगस पट उघडा पडला आणि मे २०१२ मध्ये शिक्षक भरतीच थांबली. बोगस पट लावणाऱ्या संस्थांवर कारवाई व्हायलाच हवी होती. पण भरती थांबल्याची झळ डीएड करून बसलेल्या तरुणांना आणि खऱ्या पटाच्या शाळांना लागली. शिक्षक भरतीसाठीचं पवित्र पोर्टल २०१७ मध्ये आलं, आणि त्यानंतरही नेमणुका हातात पडायला उमेदवारांना वर्षं मोजावी लागली.

‘सगळा पैसा पगारात जातो’

शालेय शिक्षणाच्या खर्चाचा मोठा भाग वेतनावर जातो, हे खरं आहे. पण शाळेत शिक्षण देतं कोण? रस्ता बांधताना खर्च खडी-डांबरावर झाला म्हणून कुणी तक्रार करत नाही. शिवाय हा पैसा फक्त जिल्हा परिषदेच्या शाळांत जात नाही. महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा भार मुख्यतः खाजगी संस्थांच्या अनुदानित शाळांवर आहे आणि तिथल्या शिक्षकांचे पगारही सरकारी तिजोरीतूनच होतात. सरकारी शाळा महाग पडतात असं म्हणताना हा हिशोब बहुतेक वेळा विसरला जातो.

आणि नव्याने लागलेल्या शिक्षकाचा पगार? पहिली तीन वर्षं तो शिक्षणसेवक असतो. ही पद्धत २००० सालापासूनची. २०२३ मध्ये मानधन वाढलं तेव्हा प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना १६,००० रुपये मिळू लागले. घरापासून दोन जिल्हे ओलांडून दुर्गम तालुक्यात खोली घेऊन राहणाऱ्या माणसाला त्यातून काय उरत असेल, याचा विचार ‘लठ्ठ पगार’ म्हणणाऱ्याने करावा.

‘लहान शाळा बंद केल्या की पैसा वाचतो’

शाळा बंद झाली तरी शिक्षक नोकरीत राहतो. त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत होतं आणि पगार चालूच राहतो. वाचतात ते वीजबिल, किरकोळ दुरुस्ती आणि सादिल, म्हणजे शाळेचा किरकोळ खर्च. समोरच्या बाजूला मुलांना दूरच्या शाळेत नेणाऱ्या गाडीचा खर्च येतो, तोही पावसाळ्यात ओढा ओलांडून गाडी येत असेल तर. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा अंतराचाच प्रश्न सर्वांत तीव्र होता. नियमाप्रमाणे प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. नकाशावरचा एक किलोमीटर कोकणात किंवा सातपुड्यात चढ-उतारांचा असतो, आणि सहा-सात वर्षांच्या मुलीला तिथून एकटीला पाठवायला आई धजत नाही.

या शाळा कुणाच्या चुकीने वाढलेल्या नाहीत. वाडी-वस्ती-पाड्यावरचं मूल शाळेत यावं म्हणून राज्यानेच वस्तीशाळा काढल्या आणि पुढे त्यांना नियमित प्राथमिक शाळेचा दर्जा दिला. समूह शाळेला माझा सरसकट विरोध नाही. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं शासनाने पुढे केली होती, आणि खेळायला सवंगडी, विषयाला शिक्षक, प्रयोगशाळा हे मोठ्या शाळेतच जमतं. मात्र ते काटकसरीचं काम नव्हे. नीट केलं तर त्याला जास्त पैसा लागेल.

‘सहा टक्क्यांचं वचन कधीच पूर्ण होणार नाही, मग बोलायचं कशाला?’

राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर, ही शिफारस १९६४-६६ च्या कोठारी आयोगाची. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला आणि २०१७-१८ मध्ये प्रत्यक्षात ४.४३ टक्केच खर्च झाल्याचं त्याच पानांत मान्य केलं. आर्थिक पाहणी अहवालात मात्र शिक्षणावरचा खर्च तीन टक्क्यांच्या आसपास दिसतो, कारण इतर खात्यांचा शिक्षण-प्रशिक्षणावरचा खर्च तिथे धरलेला नसतो. म्हणून कुणी टक्केवारी फेकली की आधी विचारावं : यात काय काय धरलंय?

‘शिक्षकांना अशैक्षणिक कामं देणं आता बंद झालंय’

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने ती बंद केली, पण दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांची वाट मोकळी ठेवून. निवडणुकीचं काम सुट्टीच्या आणि बिगर-अध्यापनाच्या दिवशी घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलं होतं. जानेवारी २०२४ मधल्या मागासवर्ग आयोगाच्या घरोघरच्या सर्वेक्षणातही राज्यातले शिक्षक होतेच. त्याशिवाय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि ग्रुपवर ‘आजच पाठवा’ म्हणून येणारे तक्ते. यातलं कुठलंच काम गुणोत्तरात दिसत नाही.

आणि गुणोत्तरातला शिक्षकांचा आकडा येतो कुठून? पुढच्या वर्षीचे शिक्षक ठरतात ते ३० सप्टेंबरच्या पटावर. त्या पटावरून संचमान्यता, म्हणजे शिक्षकपदांची मंजुरी, होते आणि मोजणीत धरलं जातं ते आधार वैध असलेलं मूल. एखाद्या शाळेत एकसष्ट मुलं रोज बसत असतील आणि एका मुलीच्या आधारवरचं नाव शाळेच्या नोंदीशी जुळलं नाही, तर कागदावर साठच उरतात. मग तिसरं पद मंजूर होत नाही, आणि त्या मुलीसकट सगळ्यांना दोनच शिक्षक शिकवतात.