गाठ किती वाढली?

पडद्यावर छातीचा आडवा काप. रेडिओलॉजिस्ट मॅडम माउसचं चाक फिरवतात तसे एकेक मिलिमीटरचे तीनेकशे काप झरझर सरकतात. काळ्या फुफ्फुसात पांढरे ठिपके पुष्कळ. बहुतेक रक्तवाहिन्यांचे, म्हणून ते पुढच्या कापांतही सुरूच राहतात. एक ठिपका मात्र उगवतो, फुगतो आणि दहा-बारा कापांत नाहीसा होतो. ती गाठ.

मॅडम तिच्या मधोमध क्लिक करतात. सीटीत प्रत्येक बिंदूला घनतेचा आकडा असतो: हवा उणे १०००, पाणी ०. हवेने भरलेलं फुफ्फुस उणे ८००च्या आसपास, गाठ शून्याच्या जरा वर. क्लिकपासून कॉम्प्युटर शेजारच्या जुळत्या बिंदूंवर रंग पसरवत जातो, आकडा घसरला की थांबतो. गाठ छातीच्या भिंतीला चिकटलेली असली की घोटाळा. भिंतीची घनताही जवळपास तेवढीच, त्यामुळे रंग थेट बरगड्यांत सांडतो. "अरे, थांब थांब," म्हणत मॅडम तो हाताने खोडतात. शेजारी जुन्या टीबीचा व्रण असेल तर कड कुठे धरायची, हे त्यांनाही चटकन ठरवता येत नाही. कड ठरली की आतले बिंदू मोजून घनफळ निघतं.

एवढा खटाटोप कशाला? 'रेसिस्ट' हा कॅन्सरच्या गाठींसाठी २००० साली आलेला, २००९मध्ये सुधारलेला नियम गाठीची लांबी मोजतो. लांब्यांची बेरीज २० टक्के आणि किमान ५ मिलिमीटर वाढली, तर आजार बळावला म्हणायचं. म्हणजे १० मिलिमीटरची एकच गोल गाठ १२ची झाली तरी आजार 'स्थिर'. घनफळ मात्र ५२४ घनमिलिमीटरवरून ९०५वर गेलेलं असतं!

पण श्वास कमी-जास्त रोखला, काप जाड घेतले, तरी घनफळ हलतं. फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या युरोपातल्या 'नेल्सन' अभ्यासात २५ टक्क्यांखालचा फरक वाढ म्हणून धरलाच नव्हता. टेक्निशियनचं "श्वास घ्या, रोखून धरा" हाही मोजणीचाच भाग.

दुपारी जांब समर्थ गावचे एक वयस्कर शेतकरी मुलासोबत आले. पिशवीत मोठं पाकीट.

"बाबा, आधीच्या स्कॅनची सीडी?"

"फिल्म आणलीय ना मॅडम, हे बघा."

फिल्मवर निवडक काप छापलेले. पट्टी लावून लांबी काढता येते. घनतेचे आकडे त्यात उरलेलेच नसतात. ते मूळ डिजिटल स्कॅनच्या सीडीत असतात, म्हणून मॅडमनी 'डायकॉम सीडी' असं चिठ्ठीवर लिहून मुलाच्या हातात दिलं. "आजच फोन करा त्या सेंटरला. जागा भरली की जुने स्कॅन पुसून टाकतात."