खोकला ऐकू नका, पोट पाहा

 तापाच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते हे मी मागे लिहिलं होतं. ते वाचून अनेकांनी एकच प्रश्न पाठवला आहे: तापाचं कळलं, पण खोकल्याला कोणतं औषध द्यायचं? आमच्या धर्माबाद शहरात हा प्रश्न हंगामाबरोबर वाढतो. बाजारात लाल मिरचीची आवक वाढली की मोठ्यांनाही ठसका लागतो, त्यात थंडीतली सर्दी, म्हणजे घरोघरी एखादं पोर खोकत असतंच. माझं उत्तर सरळ आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याची बाटली आणूच नये. त्याऐवजी आईनं एक मिनिट शांत बसून बाळाचा श्वास मोजावा. दमा किंवा जंतुसंसर्ग असेल तर त्याची औषधं वेगळी आणि ती तपासूनच दिली जातात. मी बोलतोय ते दुकानातून सहज येणाऱ्या गोड, रंगीत सिरपबद्दल.

खोकल्यानं श्वासनलिकेतला कफ, धूळ, मिरचीचा खकाणा बाहेर फेकला जातो. लहान बाळाची श्वासनलिका अरुंद असते आणि त्याला थुंकता येत नाही, म्हणून तर त्याला खोकल्याची जास्तच गरज असते. अशा वेळी खोकला दाबला तर कफ आतच राहतो. दुकानातल्या बऱ्याच सिरपमध्ये झोप आणणारं औषध असतं. बाळ गाढ झोपलं की घरच्यांना वाटतं, गुण आला. प्रत्यक्षात ती गुंगी असते. ‘आमच्या मोठ्याला त्याच बाटलीनं बरं वाटलं होतं’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत, पण श्रेय चुकीच्या जागी देतात. मुलांच्या साध्या खोकल्यावरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दहा दिवसांत निम्मी आणि पंचवीस दिवसांत दहातली नऊ मुलं आपोआप बरी झालेली दिसली. चौथ्या दिवशी बाटली आणली आणि दहाव्या दिवशी खोकला थांबला, तर तो बहुधा बाटलीविनाही थांबला असता. मात्र खोकला दोन आठवड्यांवर गेला, वजन घटू लागलं किंवा घरात कुणाला टीबी असेल, तर वाट पाहत बसू नये, तपासणी करून घ्यावी.

फायदा नसेना का, तोटा तर नाही ना, असं कुणी म्हणेल. तोटा किती मोठा असू शकतो हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं रसायन निघालं आणि 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं त्याची चौकशी केली. हे रसायन गोड असतं, दाट असतं, स्वस्त असतं, आणि मूत्रपिंड निकामी करतं. जवळजवळ चाळीस वर्षांनी, 2025 मध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमधून तेच विष वीसहून अधिक चिमुकल्यांच्या पोटात गेलं. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. ज्या औषधाची गरजच नव्हती त्यापायी ही लेकरं गेली, हे मला विसरता येत नाही. डिसेंबर 2023 मध्येच सर्दी-खोकल्याच्या सिरपमध्ये असणाऱ्या क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांच्या मिश्रणावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं छापणं सक्तीचं झालं होतं. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रानं स्पष्ट सांगितलं की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. कोणतंही सिरप दिल्यावर बाळाची लघवी कमी झाली किंवा थांबली, तर बाटली बरोबर घेऊन त्याच तासाला दवाखाना गाठावा.

आता श्वासाचं. खोकल्याच्या आवाजावरून आजार किती गंभीर आहे ते ठरत नाही. खणखणीत खोकणारं बाळ बहुधा ठीक असतं, आणि न्यूमोनिया झालेलं बाळ कधी कधी फारसं खोकतही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1988 पासून श्वासाच्या वेगावरून न्यूमोनिया ओळखायचं सूत्र धरून काम केलं. गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना त्यांनी बाळाचा श्वास मोजायला आणि न्यूमोनियावर गोळ्या-औषध द्यायला शिकवलं. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी सरकवून मोजायचं साधन केलं. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. या गावांतलं न्यूमोनियाचं बालमृत्यूप्रमाण शेजारच्या गावांच्या निम्म्याहून कमी होतं. जे त्या दायांना जमलं ते हातात मोबाइल असलेल्या आईला नक्की जमेल.

बाळ शांत किंवा झोपलेलं असावं. रडताना, तापानं फणफणलेलं असताना किंवा नुकतंच पाजल्यावर मोजू नये. झबलं वर करून पोटाकडे पाहावं. पोट वर येऊन खाली गेलं की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजावं, कारण लहान बाळ मध्येच भरभर श्वास घेतं, मध्येच थांबतं, आणि पंधरा सेकंदांची चौपट हमखास चुकते. दोन महिन्यांपर्यंत 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त श्वास आले तर पुन्हा एकदा मोजावं, आणि तेवढेच आले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. पोट उडत असेल, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ कण्हत असेल, पीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आकड्याचीही वाट पाहू नये. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर रात्रीही निघावं.

‘मग लेकरू रात्रभर खोकत बसू द्यायचं का?’ ही आजीची तक्रार रास्त आहे. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपण्याआधी अर्धा-एक चमचा मध द्यावा. 2007 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात रात्रीच्या खोकल्याला सर्वांत जास्त आराम मधानंच पडला होता. पण वर्षाच्या आत मधाचं बोटही चाटवू नये, जन्मल्यावर तर नाहीच. त्यातून बाळाच्या आतड्यात बॉट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब टाकावेत, अंगावर वारंवार पाजावं. नाकात तेल सोडणं मात्र थांबवा. ते थेट फुप्फुसात उतरू शकतं आणि खरा न्यूमोनिया करू शकतं. ओव्याच्या धुरीनं आणि शेगडीच्या धुरानं श्वासनलिका आणखी सुजते. कापराची पुरचुंडीही बाळाजवळ नको.

राहिला मुद्दा डॉक्टरांनीच सिरप लिहून देण्याचा. औषधाविना परत पाठवलं तर पालक नाराज होतात, हे दडपण माझ्या व्यवसायात खरोखर आहे, आणि ते कमी करणं बऱ्याच अंशी पालकांच्या हाती आहे. श्वास मोजून जा, आकडा सांगा आणि विचारा, ‘न्यूमोनिया नसेल तर हे सिरप टाळता येईल का?’