कारखान्याचा कागद गावापर्यंत

कारखान्याच्या धुराची, सांडपाण्याची आणि घातक कचऱ्याची माहिती सरकारदरबारी बऱ्यापैकी जमा असते. कारखाना उभा राहण्याआधी अर्ज होतो, चालू झाल्यावर तपासण्या होतात, दरवर्षी विवरणपत्र भरले जाते. यातले बहुतेक कागद कायद्याने लोकांसाठी खुले आहेत. पण ज्यांच्या अंगणात कारखान्याची धूळ उतरते त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाहीत, आणि पोहोचले तरी इंग्रजीत आणि आकड्यांच्या परिभाषेत असल्याने उलगडत नाहीत. माहिती खुली असणे आणि ती कळणे यांतले हे अंतर वाशीमसारख्या जिल्ह्यात जास्तच जाणवते.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात रासायनिक कारखान्यांचा पट्टा नाही. इथले उद्योग शेताला आणि रस्त्याला धरून आहेत: तूर-हरभऱ्याच्या डालमिल, कापसाच्या जिनिंग, सोयाबीनचे तेलगाळप, गिट्टी खदानी, खडी क्रशर, डांबर मिक्सिंग प्लांट, वीटभट्ट्या. कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला आणि त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. एवढा रस्ता बांधायचा म्हणजे गिट्टी आणि मुरूम आलाच. प्रदूषणाच्या वर्गवारीत डालमिल हिरव्या गटात मोडते, तर क्रशर, डांबर प्लांट आणि वीटभट्टी नारिंगी गटात. लाल गटातल्या साखर कारखान्यांवर किंवा डिस्टिलरीवर जेवढी नजर असते तेवढी यांच्यावर नसते.

मोठ्या प्रकल्पाला १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्यांतल्या बऱ्याच प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत, त्यातही एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात द्यावी लागते. प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत तयार करून जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी ठेवावा लागतो. सुनावणी संपताना नोंदवलेली मते उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायची आणि त्याच दिवशी त्या इतिवृत्तावर सही करायची, अशी अधिसूचनेत तरतूद आहे. ही तरतूद सगळ्यांत मोलाची आहे, कारण आपण बोललो ते कागदावर उतरले की नाही हे तिथल्या तिथे तपासता येते. मात्र सारांश काही पानांचा असतो आणि मूळ अहवाल शेकडो पानांचा, तोही इंग्रजीत. २०२० मध्ये या अधिसूचनेच्या जागी नवा मसुदा आला, तेव्हा तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत उपलब्ध करून द्यावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जूनच्या आदेशात सांगावे लागले होते.

डालमिल, जिनिंग किंवा क्रशरच्या वाट्याला ही जनसुनावणी येत नाही. त्यांच्याबाबतीत गावाच्या कामाचा मुख्य कागद म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र. उत्पादन किती घ्यायचे, चिमणी किती उंच ठेवायची, इंधन कोणते जाळायचे, सांडपाणी कुठे सोडायचे, झाडे किती लावायची हे सारे त्यात अटींच्या रूपाने लिहिलेले असते. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २५ नुसार आणि १९८१ च्या हवा कायद्याच्या कलम ५१ नुसार मंडळाने संमतींची नोंदवही ठेवायची असते, आणि बाधित किंवा हितसंबंधित व्यक्तीला ती कार्यालयीन वेळेत पाहता येते. वाशीमकरांसाठी मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय अकोल्यात आणि प्रादेशिक कार्यालय अमरावतीत आहे. रिसोड किंवा मानोऱ्याच्या शेतमजुराने एक दिवसाची मजुरी बुडवून तिथवर जावे ही अपेक्षा फार आहे. मंडळाच्या संकेतस्थळावरही संमतीपत्रे मिळतात, पण ती शोधायला कारखान्याचे नोंदलेले नाव इंग्रजीत माहीत असावे लागते. गावात मात्र क्रशर ओळखला जातो तो मालकाच्या नाहीतर शिवाराच्या नावाने.

कागद हाती आल्यावर गाठ पडते ती आकड्यांशी. समजा, एखाद्या बॉयलरच्या तपासणी अहवालात धूलिकण १८० आणि मर्यादा १५० असे लिहिले आहे. हे आकडे चिमणीच्या आतल्या वायूचे असतात आणि एकक असते मिलिग्रॅम प्रति घनमीटर. गावातल्या हवेचे मोजमाप मायक्रोग्रॅममध्ये होते. १० मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. त्यामुळे चिमणीतले १५० आणि अंगणातले १०० शेजारीशेजारी ठेवून ताडता येत नाहीत. क्रशरचे गणित तर आणखी वेगळे. त्याला धुराडेच नसते. धूळ जबड्यातून, चाळणीतून आणि पट्ट्यावरून उडते. म्हणून तिथे यंत्रापासून ३ ते १० मीटर अंतरावर मोजणी करतात आणि ६०० मायक्रोग्रॅमची मर्यादा धरतात. आवाजाचेही असेच: औद्योगिक भागात दिवसा ७५ डेसिबल चालतात, निवासी भागात ५५, आणि रात्री १० नंतर निवासी भागात ४५. कोणता आकडा कुठे, कशात आणि कधी मोजला हे शेजारी मराठीत लिहिलेले नसेल, तर तो अहवाल गावाच्या दृष्टीने कोराच राहतो.

ही अडचण ओळखून महाराष्ट्राने जून २०१७ मध्ये कारखान्यांना तारे देण्याची योजना सुरू केली. शिकागो विद्यापीठातील संशोधकांच्या सहकार्याने मंडळाने चिमणीतल्या धूलिकणांच्या तपासण्यांवरून प्रत्येक कारखान्याला एक ते पाच तारे दिले आणि ते संकेतस्थळावर जाहीर केले. पाच तारे म्हणजे सर्वांत स्वच्छ, एक तारा म्हणजे सर्वांत वाईट. अशी कल्पना इंडोनेशियाने १९९५ मध्ये राबवली होती. तिथे कारखान्यांना काळा, लाल, निळा, हिरवा आणि सोनेरी असे रंग दिले गेले. काळ्या-लाल गटांतल्या कारखान्यांची नावे लगेच फोडली नाहीत. आधी काही महिने सुधारायला दिले आणि मग ती जाहीर केली. आकडा न वाचता येणाऱ्यालाही तारा किंवा रंग कळतो, हे या पद्धतीचे खरे बळ आहे. पण महाराष्ट्राचे तारे चिमणीपुरते आहेत. जिथे चिमणीच नाही तिथल्या धुळीबद्दल, किंवा नाल्यात सोडलेल्या पाण्याबद्दल, ते काहीच सांगत नाहीत. म्हणून वाशीमच्या खेड्यांना ताऱ्यांपेक्षा संमतीपत्रातल्या अटींचा उपयोग जास्त आहे.

धोकादायक रसायने हाताळणाऱ्या उद्योगांबाबत जाहीर माहितीचा आग्रह आला तो भोपाळच्या वायुगळतीनंतर. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू पसरला, तेव्हा नाकातोंडावर ओला कपडा धरावा एवढी साधी सूचनाही भोवतालच्या वस्तीला मिळालेली नव्हती. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात बदल झाला आणि कामगारांना व परिसरातल्या लोकांना धोक्यांची माहिती देणे व्यवस्थापनावर बंधनकारक झाले. १४ ऑक्टोबर २००३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने घातक कचरा आणि रसायनांचा तपशील मुख्य फाटकाबाहेर लावायला सांगितले. सोयाबीनमधून तेल काढण्यासाठी हेक्झेन वापरतात. ते चटकन पेट घेते. असे द्रावक साठवणाऱ्या कारखान्याच्या फाटकावरचा मराठी फलक शेजारच्या शेतकऱ्याला आणि आग विझवायला येणाऱ्यालाही जीव वाचवणारा ठरू शकतो.

गावपातळीवर यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. ग्रामपंचायतीने हद्दीतल्या प्रत्येक कारखान्याचे संमतीपत्र मागवून त्यातल्या मुख्य अटी एका पानावर मराठीत उतरवाव्यात, संमतीची मुदत ठळक लिहावी आणि ते पान सूचनाफलकावर लावावे. मुदत फार महत्त्वाची, कारण ती संपूनही यंत्र चालू असेल, तर तक्रारीसाठी तेवढा एक मुद्दा पुरतो. आपले सरकार सेवा केंद्रात हे कागद छापून घेता येतात. १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ते वाचून दाखवले, तर वाचता न येणाऱ्यांपर्यंतही पोहोचतात. अटींमधल्या निम्म्या गोष्टी डोळ्यांनी तपासण्याजोग्या असतात: क्रशरभोवती पत्र्याची भिंत आहे का, पाण्याचे फवारे चालू असतात का, गाड्यांवर ताडपत्री आहे का. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

तपासणीचे अहवाल आणि ३० सप्टेंबरपर्यंत भरायचे वार्षिक पर्यावरण विवरणपत्र सहज मिळाले नाहीत, तर माहिती अधिकाराचा मार्ग उरतो. अर्जाला १० रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही माफ. अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर. ‘प्रदूषणाची सर्व माहिती द्या’ असे मोघम लिहिण्यापेक्षा कारखान्याचे नाव, गट क्रमांक आणि कोणत्या वर्षाचा कोणता अहवाल हवा हे लिहिले, तर अर्ज परत येण्याची शक्यता कमी होते. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. ते आले नाही, तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिले अपील करता येते आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे दुसरे.