रहस्यकथा लिहिणाऱ्याच्या पाठीशी कोण?

पातुरात बसून खुनाचे कट रचणाऱ्या (अर्थात कागदावरच!) दोस्तांसाठी ही पोस्ट.

लंडनमध्ये 1930 साली रहस्यकथाकारांचा डिटेक्शन क्लब निघाला. ॲगाथा ख्रिस्तीही त्यात होत्या. नव्या सभासदाला शपथ घ्यावी लागे की, महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवणार नाही. मला ही शपथ भारी आवडते. पुढे 1945 मध्ये अमेरिकेत अन् 1953 मध्ये ब्रिटनमध्ये अशा लेखकांच्या संघटना झाल्या.

मराठीत रहस्यकथाकारांना असा आधार मुख्यतः संपादकांनी दिला. अनंत अंतरकरांचं ‘नवल’, ‘धनंजय’चा दिवाळी अंक, ही गूढ-रहस्यकथांची हक्काची घरं. बाबुराव अर्णाळकरांनी तर हजारावर रहस्यकथा लिहिल्या, वाचकांनी त्या डोक्यावर घेतल्या. समीक्षकांनी मात्र, माझ्या मते, त्यांना कायम ओसरीवरच बसवलं.

आपल्या वऱ्हाडात, अमरावतीत, 1923 साली विदर्भ साहित्य संघ जन्मला. साहित्याच्या बैठकीत कविताच वाचावी असा काही कायदा नाही, बरं का! तिथे रहस्यकथाही वाचा. कथेत पंचनामा असेल, तर त्याची रीत एखाद्या निवृत्त पोलीस जमादाराला विचारा. अन् कथा दोस्तांना वाचून दाखवताना शेवटच्या प्रकरणाआधी थांबा. सगळ्यांनी एकच खुनी ओळखला, तर पुन्हा लिहायला बसा.