प्रादेशिक विमानसेवेतील वैमानिक

प्रादेशिक विमानसेवेतील वैमानिक : मोठ्या शहरांतील विमानतळांशी लहान शहरे व जिल्ह्याची ठिकाणे जोडणाऱ्या, प्रायः १९ ते ८० आसनांच्या विमानांनी चालविल्या जाणाऱ्या प्रवासी वाहतुकीस प्रादेशिक विमानसेवा म्हणतात. या सेवेतील वैमानिकांचा अनुभव, त्यांच्या निवडीचे निकष व प्रवाशांची सुरक्षितता यांचा परस्परसंबंध हा नागरी विमानवाहतुकीतील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. या सेवेतील मार्ग आखूड असल्याने वैमानिकाला एकाच दिवसात अनेकदा उड्डाण व अवतरण करावे लागते, आणि बहुसंख्य अपघात याच दोन अवस्थांत घडतात. लहान विमानतळांवर धावपट्टी आखूड व मार्गदर्शक उपकरणे मर्यादित असण्याचा संभव अधिक असतो. असे असूनही अनुभवी वैमानिक अधिक वेतनासाठी मोठ्या कंपन्यांकडे जात असल्याने नवशिक्या वैमानिकांच्या सेवेचा आरंभ पुष्कळदा येथेच होतो.

महाराष्ट्रातील सेवा : भारतात लहान शहरांसाठी ‘वायुदूत’ ही स्वतंत्र संस्था एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांनी १९८१ मध्ये संयुक्तपणे स्थापन केली. ईशान्य भारतासाठी सुरू झालेल्या या सेवेचा पुढे इतरत्र विस्तार झाला. तिचे पुण्याहून हैदराबादकडे जाणारे डॉर्निअर २२८ विमान २३ सप्टेंबर १९८९ रोजी उजनी धरणाच्या जलाशयात कोसळून ११ जण मृत्युमुखी पडले. १९९३ मध्ये ही संस्था इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. केंद्र शासनाने २०१६ मध्ये ‘उडान’ ही प्रादेशिक जोडणीची योजना जाहीर केली. तिच्याखाली नांदेड, जळगाव, कोल्हापूर, नाशिक इ. ठिकाणी विमानसेवा सुरू झाल्या. कोकणात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी येथील विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये वाहतुकीस खुला झाला. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांत विमानतळ नाही. जिल्ह्याच्या उत्तर भागात, पनवेल तालुक्यात उभारलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. पश्चिम किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात उतरत्या ढगांत, मुसळधार सरींत व ओल्या धावपट्टीवर विमान उतरविणे ही वैमानिकाची खरी कसोटी ठरते. [⟶ विमानतळ].

परवाना व निवड : भारतात वैमानिकांचे परवाने नागरी विमानवाहतूक महासंचालनालय देते. व्यापारी वैमानिक परवान्यासाठी उमेदवाराचे वय किमान १८ वर्षे असावे लागते. त्याने भौतिकी व गणित हे विषय घेऊन बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालेली असावी लागते, आणि त्याची प्रथम वर्गाची वैद्यकीय तपासणी होते. किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असून त्यांपैकी १०० तास विमानाची सूत्रे स्वतःकडे घेऊन केलेले असावे लागतात. हवामानशास्त्र, मार्गनिर्देशन, विमानविषयक नियम इ. विषयांच्या लेखी परीक्षाही असतात. महाराष्ट्रात १९२८ मध्ये जुहू येथे स्थापन झालेल्या बाँबे फ्लाइंग क्लबपासून या शिक्षणाची परंपरा असून गोंदिया व बारामती येथेही प्रशिक्षणसंस्था आहेत.

परवाना मिळाल्यानंतर विशिष्ट प्रकारच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. हे प्रशिक्षण बव्हंशी सिम्युलेटरवर, म्हणजे चालककक्षाचा हुबेहूब आभास निर्माण करणाऱ्या यंत्रावर होते. त्यानंतर प्रशिक्षक वैमानिकाच्या देखरेखीखाली प्रवासी उड्डाणे करून उमेदवार सहवैमानिक होतो. मुख्य वैमानिकपदासाठी हवाई वाहतूक वैमानिक हा वरचा परवाना लागतो व त्यास किमान १,५०० तासांचा अनुभव आवश्यक असतो. सेवेत असताना ठराविक मुदतीने कौशल्याची फेरतपासणी होते. शिक्षणाचा खर्च मोठा असल्याने अनेक उमेदवार कर्जबाजारी अवस्थेत नोकरी शोधतात. कागदपत्रांच्या पडताळणीचे महत्त्व २०११ मध्ये प्रकर्षाने जाणवले. त्या वर्षी बनावट गुणपत्रिकांच्या आधारे वरचा परवाना मिळविल्याची प्रकरणे उघडकीस आली व महासंचालनालयाने परवान्यांची व्यापक छाननी केली.

तासांचा प्रश्न : अनुभव मोजण्याचे सर्वमान्य माप म्हणजे उड्डाणाचे तास. अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफलोजवळ कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान कोसळून ५० जण मरण पावले. वेग घटून विमानाची उद्धरणशक्ती नाहीशी होऊ लागली असता मुख्य वैमानिकाने नेमकी उलट क्रिया केली, असे चौकशीत आढळले. त्यानंतर २०१० मध्ये झालेल्या कायद्यान्वये सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १,५०० तासांची अट लागू झाली. सैनिकी वा विद्यापीठीय प्रशिक्षण घेतलेल्यांना तीत काही सवलत आहे. तथापि अपघातग्रस्त विमानाच्या दोन्ही वैमानिकांचे उड्डाण २,००० तासांहून अधिक होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. मुख्य वैमानिक पूर्वी काही कौशल्यचाचण्यांत अनुत्तीर्ण झाला होता व त्याची पूर्ण माहिती कंपनीला नव्हती.

भारतातील अनुभव याहून बोलका आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पठारावरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले व १५८ जण दगावले. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे भर पावसात त्याच कंपनीचे विमान तशाच पठारी धावपट्टीवरून घसरले व २१ जणांचा अंत झाला. ही विमाने प्रादेशिक सेवेतील नव्हती. परंतु धावपट्टी व हवामान यांच्या अडचणी त्याच होत्या. दोन्ही ठिकाणी मुख्य वैमानिकाचा अनुभव १०,००० तासांहून अधिक होता, आणि दोन्ही ठिकाणी अवतरण सोडून पुन्हा वर चढण्याची सूचना सहवैमानिकाने केली होती. ती मानली गेली नाही. मंगळूरच्या मुख्य वैमानिकास उड्डाणात दीर्घकाळ झोप लागली होती. कोळिकोडच्या अहवालात, सूचना डावलली गेल्यावर सहवैमानिकाने सूत्रे स्वतःकडे घेतली नाहीत, हेही नमूद आहे.

सुरक्षिततेचे उपाय : यावरून तासांची किमान अट आवश्यक असली, तरी ती पुरेशी नाही, असे दिसते. ते तास कोणत्या हवामानात व कोणाच्या देखरेखीखाली झाले, यास तितकेच महत्त्व आहे. निवडीच्या वेळी पूर्वीच्या चाचण्यांचा संपूर्ण इतिहास तपासणे, पावसाळी व आखूड धावपट्टीवरील अवतरणाचा सिम्युलेटरवर सराव देणे आणि नव्या मुख्य वैमानिकासोबत नवशिका सहवैमानिक न देणे हे मान्य उपाय आहेत. ज्येष्ठाची चूक कनिष्ठाने निःसंकोचपणे दाखवावी, यासाठी चालककक्षातील सहकार्याचे वेगळे शिक्षण दिले जाते. ज्येष्ठांपुढे न बोलण्याचा संस्कार असलेल्या समाजात या शिक्षणाची विशेष गरज असते. थकवा टाळण्यासाठी महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये कामाच्या तासांचे नियम सुधारून साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. या नियमांची अंमलबजावणी २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाली. अशा नियमांमुळे अधिक वैमानिक लागतात व त्याचा भार अल्प उत्पन्नाच्या लहान कंपन्यांवर तुलनेने जास्त पडतो. मात्र तिकिटाच्या दराला शासकीय अनुदान देता येते, तसे वैमानिकाच्या कसबातील उणिवेची भरपाई अनुदानाने करता येत नाही. अवतरण सोडून परत वर चढणाऱ्या वैमानिकास विलंबाचा जाब न विचारणारी व्यवस्थाच प्रवाशांच्या सुरक्षिततेचा पाया ठरते.