मेंढपाळांचे चराई हक्क

कोरड्या प्रदेशात ऋतुमानानुसार कळप घेऊन फिरणाऱ्या पशुपालकांचे चारा, पाणी व वाट यांविषयीचे रूढिप्राप्त किंवा कायदेशीर हक्क. महाराष्ट्रात हा प्रश्न प्रामुख्याने धनगर समाजाच्या संदर्भात उद्भवतो.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या तालुक्यांतील मेंढपाळ पावसाळा माळरानावर काढून दसरा-दिवाळीनंतर पश्चिमेकडे निघतात. घोड्यांवर संसार लादून एकत्र चालणाऱ्या कुटुंबांच्या गटास ‘वाडा’ म्हणतात. काही वाडे घाट उतरून कोकणात जातात व मृगापूर्वी परततात. कारण तेथील संततधारेत दख्खनी मेंढीचे खूर कुजतात. वाटेत पीक निघालेल्या शेतात रात्री ‘वाघर’ (जाळीचे कुंपण) लावून मेंढ्या बसवितात. लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकरी धान्य वा पैसे देतो. हा करार तोंडी असतो आणि पुष्कळदा तो एकाच घराशी पिढ्यान्‌पिढ्या चालतो. जमीन कोणाची, यापेक्षा ती कोणत्या महिन्यात मोकळी, याला येथे महत्त्व असते.

कायदा मात्र ताबा व गाव पाहतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ (कलम २३) अन्वये मोफत चराईच्या जमिनीवर ती ज्या गावांना नेमून दिलेली असेल, त्यांच्याच गुरांना हक्क आहे. साहजिकच फिरता मेंढपाळ प्रत्येक गायरानात उपरा ठरतो. गायरानांवरील अतिक्रमणे हटविण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा आदेश मोलाचा खरा. पण त्यानेही राखली जाते ती गावाची जमीन, परगावच्या कळपाची वाट नव्हे.

चिंचवड-चाकण पट्ट्यात ही उणीव ठळकपणे दिसते. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पुढे चिंचवड-भोसरी व कालांतराने चाकण येथे जमिनी संपादिल्या. मोबदला सातबाऱ्यावरील खातेदारास मिळाला. तो पुरेसा होता की नाही, हा वाद निराळा. त्याच शेतात दरवर्षी वाघर लावणाऱ्याची नोंद कोणत्याच दप्तरात नसल्याने त्याचे नुकसान मोजण्याचा प्रश्नच आला नाही.

नोंद झाली म्हणजे हक्क टिकतोच, असेही नाही. केन्यात १९६८ च्या कायद्याने मसाई पशुपालकांना सामूहिक कुरणे नावावर मिळाली. परंतु त्यांपैकी अनेकांची पुढे खासगी तुकड्यांत वाटणी होऊन कुंपणे पडली व अवर्षणात कळप दूर नेण्याची सोय आटली. तेथे २०१६ मध्ये सामुदायिक जमिनीचा नवा कायदा झाला.

भारतात वनहक्क कायद्याने (२००६) भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क प्रथमच स्पष्टपणे मान्य केला. तो वनजमिनीपुरता आहे. शिवाय अनुसूचित जमातींबाहेरील दावेदारांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातींत (क) मोडत असल्याने ही अट त्यांना लागू होते. वर्षातील सात-आठ महिने वाटेवर असणाऱ्या कुटुंबाजवळ असा पुरावा क्वचितच सापडतो.