ओंडका, साखळी आणि ट्रॅक्टर

वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) येथे वृक्षतोडीचा ठेका घेणाऱ्याने कोणते वाहन घ्यावे? शहरवासीयांस मालमोटारच भारदस्त वाटेल; परंतु पावसाळी काळ्या रानात ती लवकर रुतते. तेथे ट्रॅक्टरच अधिक उपयोगी. मिनिटाला 540 फेरे घेणारा त्याचा मागील पीटीओ दांडा आज फांद्यांचा भुगा करणारे यंत्र फिरवितो, उद्या लोखंडी दोर गुंडाळणारी विंच. वाहतुकीस ट्रॉली आहेच. मात्र ओंडका ओढताना साखळी खालच्या ड्रॉबारलाच अडकवावी. ती मागील आसाहून उंच बांधल्यास पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर क्षणार्धात चालकाच्या अंगावर उलटू शकतो. पुढे वजने लावल्याने हा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.